कॉर्नफ्लॉवर न घालता दाट, मलईदार सूप: रात्रीच्या भाकरीची जागा घेईल असं

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बाबांना रात्रीची भाकरी आणि भात कमी करायला सांगितलं, तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडून एकच उपाय निघाला: सूप दे. मी दिलं. दुधीचं दिलं, टोमॅटोचं दिलं, पालकाचं दिलं. बाबा निमूटपणे प्यायचे आणि साडेदहाच्या सुमाराला स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा. चिवड्याचा डबा. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. ज्या माणसाने जन्मभर रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या, त्याने वाटीभर पाणचट सुपावर झोपायचं तरी कसं?

मग मी सूप दाट करायला लागले. सूप दाट करायचं म्हटलं की आपला हात आपसूक कॉर्नफ्लॉवरकडे जातो. एके दिवशी मी ते वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण १६ ग्रॅम, आणि त्यातलं जवळजवळ १४ ग्रॅम निव्वळ स्टार्च. भाकरी पुढच्या दाराने बाहेर काढली होती आणि मागच्या दाराने मीच ती आत घेत होते. बटाटा घातला तरी तीच गत, १०० ग्रॅम बटाट्यात १५ ग्रॅमच्या पुढे कार्ब्ज (स्टार्च आणि साखर मिळून) असतात. दुकानातलं सुपाचं पाकीट घेतलंत तर मागची घटकांची यादी वाचा. मैदा, कॉर्नफ्लॉवर, साखर ही नावं बऱ्याचदा सुरुवातीलाच दिसतात, आणि यादीत जे आधी लिहिलेलं असतं तेच पाकिटात जास्त असतं.

खाली दिलेलं सूप फ्लॉवरचं आहे, सोबत चिकन किंवा पनीर आणि मशरूम. चौघांचं रात्रीचं जेवण होतं. एका मोठ्या वाडग्यात फायबर वजा जाता साधारण १० ग्रॅम कार्ब्ज येतात. तुलनेला सांगायचं तर ५० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत ३५ ग्रॅमच्या आसपास असतात. बाबा आता हे सूप मागून घेतात.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल किंवा साखरेच्या गोळ्या सुरू असतील, तर रात्रीचं जेवण असं एकदम बदलू नका. पिष्टमय अन्न कमी झालं आणि औषधाचा डोस तोच राहिला, तर रात्री साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. काही गोळ्यांबरोबर कार्ब्ज फार कमी करणं वेगळ्या कारणानेही घातक ठरू शकतं. आधी डॉक्टरांशी बोला, डोस ठरवून घ्या, मगच सुरू करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती चालतील तेही विचारा.

दाटपणा येतो कुठून

हे एकदा समजलं की कृती पाठ करावी लागत नाही. कोणतीही भाजी घेऊन तुम्ही सूप करू शकता.

आपल्या कढीत बेसन असतं, माडग्यात कुळथाचं पीठ असतं. पीठ शिजलं की त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि सगळं मिळून येतं. फ्रेंच पद्धतीतही तेच. तिकडे फ्लॉवरच्या मलईदार सुपाला पंधराव्या लुईच्या दरबारातल्या मादाम द्यु बारीचं नाव आहे, पण जुन्या रीतीत त्यालाही दाटपणा देतो तो बटरवर परतलेला मैदाच. फ्लॉवर तिथे चवीपुरता.

पीठ काढून टाकलं तर त्याचं काम तिघांत वाटून द्यावं लागतं. पहिला वाटा भाजीच्या गराचा. फ्लॉवर पुरता मऊ शिजवून बारीक वाटला की त्याचा गर पाण्यात तरंगत राहतो, खाली बसत नाही, आणि १०० ग्रॅममागे कार्ब्ज असतात जेमतेम ३ ग्रॅम. दुसरा वाटा हाडांच्या पाण्याचा. कोंबडीची हाडं, कूर्चा, कातडी सावकाश उकळली की त्यातून जिलेटिन उतरतं आणि पाण्याला अंग येतं, ओठांना किंचित चिकटतं. शाकाहारी सुपात हे काम बदाम आणि थोडं पनीर करतं. तिसरा वाटा स्निग्धाचा. लोणी, क्रीम, तूप हे सुपावर तवंग म्हणून तरंगत राहिलं तर सूप तेलकट लागतं. तेच मिक्सरमध्ये गरासोबत फिरलं की त्याचे बारीक कण होऊन सगळीकडे पसरतात आणि जिभेला मलई जाणवते. वाटीभर क्रीम वरून ओतण्यापेक्षा दोन चमचे लोणी मिक्सरमधून फिरवणं कितीतरी जास्त उपयोगाचं, हे मला बरीच पाकिटं संपल्यावर कळलं.

याशिवाय पोटभर होण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते: चावायला काहीतरी. नुसतं प्यायलेलं जेवण जेवल्यासारखं वाटत नाही. म्हणून या सुपात निम्मं गुळगुळीत आणि निम्मं तुकड्यांचं असं ठेवायचं.

साहित्य (चौघांसाठी, साधारण दीड लिटर)

हाडांच्या पाण्यासाठी:
- हाडासकट चिकनचे लेग पीस ६०० ग्रॅम
- कोंबडीचे साफ केलेले पाय ४ (मिळाले तर जरूर)
- पाणी दीड लिटर
- लसणाच्या ३ पाकळ्या, ८ अख्खे मिरे, १ तमालपत्र, कोथिंबिरीचे देठ मूठभर
- मीठ १ छोटा चमचा

सुपासाठी:
- फ्लॉवर, साफ केल्यावर ६०० ग्रॅम (साधारण एक मध्यम गड्डा)
- मशरूम २०० ग्रॅम (एक पाकीट)
- कांदा १ लहान, ६० ग्रॅमच्या वर नको
- लसणाच्या ८ बारक्या पाकळ्या
- बदाम २०, चार तास भिजवून सोललेले
- लोणी किंवा बटर ३ मोठे चमचे
- फ्रेश क्रीम १०० मिली
- जायफळ, ताजी मिरपूड, मीठ, लिंबू

फोडणीसाठी: तूप १ मोठा चमचा, जिरं अर्धा छोटा चमचा, लसणाच्या ३ पाकळ्यांचे पातळ काप.

शाकाहारी करायचं असेल तर चिकनऐवजी २५० ग्रॅम पनीर घ्या. त्याचं काय करायचं ते पुढे येईलच.

कांद्याबद्दल थोडं. कांदा आपल्याला भाजी वाटतो आणि आपण तो हातचा न राखता घालतो, पण १०० ग्रॅममागे त्यात ७ ग्रॅमच्या पुढे कार्ब्ज असतात. दोन मोठे कांदे घातले की आपण वाचवलेलं सगळं तिथेच खर्च. लसणात तर वजनाच्या मानाने कितीतरी जास्त असतात, फक्त तो थोडा लागतो म्हणून चालतो. काजूचंही तसंच. हॉटेलात मलईदारपणा बहुतेक वेळा काजूच्या वाटणाने आणतात, आणि काजूत फायबर वगळून २५ ग्रॅमच्या वर कार्ब्ज आहेत. बदामात त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून इथे बदाम.

फ्लॉवर निवडणं आणि साफ करणं

गड्डा हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. तुरे घट्ट, रंग दुधाळ पांढरा, पानं हिरवी आणि ताठ. तुरे मोकळे सुटलेले असतील किंवा वर करडे ठिपके असतील तर तो जुना आहे, त्याचं सूप उग्र होतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा फ्लॉवरचा खरा हंगाम. तेव्हाचा गड्डा गोडसर असतो आणि लवकर शिजतो. पावसाळ्यातला महागही असतो आणि अळ्याही जास्त, त्या दिवसांत मी दुधीकडे वळते.

मोठे तुरे सोडवा आणि कोमट पाण्यात मीठ आणि चिमूटभर हळद घालून १० मिनिटं बुडवून ठेवा. वर तरंगेल ते काढून टाका, मग दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. मधला दांडा फेकू नका. त्याची बाहेरची जाड साल सोला, आतला कोवळा भाग बारीक चिरून घ्या, गर त्याचाही उत्तम होतो.

आता यातला एक तृतीयांश भाग, म्हणजे साधारण २०० ग्रॅम, वेगळा काढून स्वच्छ फडक्यावर पसरून अगदी कोरडा होऊ द्या. हा भाजायचा आहे.

हाडांचं पाणी

हे आदल्या दिवशी केलं तर दुसऱ्या दिवशीचं सूप अर्ध्या-पाऊण तासात होतं.

सगळं साहित्य कुकरमध्ये घाला. गॅस मोठा ठेवून पाणी उकळू लागलं की वर करडा फेस येतो, तो पळीने काढून टाका. फेस तसाच राहिला तर पाणी गढूळ होतं आणि चवीला जडपणा येतो. मग झाकण लावा, एक शिट्टी होऊ द्या, आच मंद करून १० मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या.

लेग पीस बाहेर काढा, हाताला सोसवतील इतपत निवले की मांस सोडवून जाडसर तुकडे करा. फार बारीक करू नका, नाहीतर सुपात त्याचे धागे होतात. मांस झाकून ठेवा. हाडं आणि पाय परत कुकरमध्ये टाकून मंद आचेवर आणखी ३० मिनिटं शिजवा. मांस आधीच काढून घेतल्यामुळे ते चरबट होत नाही आणि हाडांतलं सत्त्व मात्र पूर्ण उतरतं. गाळून सव्वा लिटरच्या आसपास पाणी मिळतं.

कोंबडीचे पाय चिकनवाल्याकडे मागा, बहुतेक जण ते अगदी स्वस्तात देतात. पायांत मांस नसतं, पण कातडी आणि कूर्चा भरपूर. ते घातलेलं पाणी रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की सकाळी भांडं हलवल्यावर थरथरतं. पहिल्यांदा ते थरथरताना बघाल तेव्हा कळेल, दाटपणासाठी पिठाकडे का वळावं लागत नाही ते. वर साचलेला चरबीचा थर खरवडून वेगळा ठेवा, त्यातलं थोडं मशरूम परतायला छान.

शाकाहारी पाणी करायचं तर मशरूमचे देठ, कांद्याची एक फोड, कोथिंबिरीचे देठ, मिरे, तमालपत्र, आल्याचा छोटा तुकडा सव्वा लिटर पाण्यात २५ मिनिटं उकळा आणि गाळा. फ्लॉवरची पानं यात घालायचा मोह होतो, पण ती उकळत राहिली की तोच तो उग्र गंधकाचा वास पाण्यात उतरतो. पानांची वेगळी भाजी करा.

भाजणं आणि परतणं

जाड बुडाच्या कढईत अर्धा चमचा बटर आणि दोन थेंब तेल घालून कोरडा केलेला फ्लॉवर पसरा. एकावर एक नको. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं अजिबात हलवू नका. खालची बाजू बदामी झाली, खमंग वास सुटला की उलटा. फ्लॉवर ओला असेल तर तो भाजला जात नाही, वाफवला जातो, आणि मग सगळी मेहनत फुकट. सगळाच गड्डा का भाजत नाही, असं मला विचारतात. मी करून पाहिलं आहे. सूप तपकिरी होतं आणि पाठीमागे कडसर चव राहते. एक तृतीयांश भाजलेला आणि बाकी साधा, यात खमंगपणा आणि गोडवा दोन्ही राहतात.

त्याच कढईत मशरूम. पुसून जाड काप करा, आच मोठी ठेवा, आणि मीठ अजून घालू नका. आधी त्यांना पाणी सुटेल आणि कढईत चर्रऽऽ आवाज बंद होऊन नुसतं रटरटायला लागेल. घाबरू नका. पाणी आटलं की आवाज परत चर्रऽऽ असा होतो, आणि तिथून पुढच्या दोन मिनिटांत मशरूमला रंग चढतो. रंग आला की मीठ, मिरपूड घालून काढून ठेवा. पनीर वापरत असाल तर २०० ग्रॅमचे चौकोनी तुकडे इथेच दोन बाजूंनी भाजून घ्या आणि उरलेलं ५० ग्रॅम कुस्करून बाजूला ठेवा.

आता पातेल्यात एक चमचा लोणी, त्यावर बारीक चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ. मंद आचेवर झाकण ठेवून सहा-सात मिनिटं. कांदा लाल करायचा नाही. तो पारदर्शक आणि मऊ झाला पाहिजे, बोटाने दाबल्यावर विरघळेल इतका. मग ठेचलेला लसूण घाला, मिनिटभर परता.

शिजवणं: इथे घाई चालत नाही

साधा फ्लॉवर आणि दांड्याचे तुकडे कांद्यावर घाला, दोनदा हलवा, आणि ९०० मिली हाडांचं पाणी ओता. उकळी आली की आच मध्यम करून, झाकण अर्धवट ठेवून १२ ते १५ मिनिटं शिजवा. शेवटच्या पाच मिनिटांत भाजलेला फ्लॉवरही घाला. सजावटीला चार-पाच तुरे मागे ठेवा.

मी हे कुकरमध्ये करत नाही. बंद भांड्यात फ्लॉवरचा वास कोंडला जातो आणि मिनिट-दोन मिनिटं जास्त झाली की तो सुपातून जात नाही. उघड्या पातेल्यात वास उडून जातो आणि शिजलं की नाही तेही डोळ्यांसमोर राहतं.

शिजलं हे कसं ओळखायचं? सुरी खुपसून बघतात तेवढ्याने भागत नाही. एक तुरा पळीने उचला आणि पातेल्याच्या कडेवर पळीच्या पाठीने दाबा. काहीही जोर न लावता तो लोण्यासारखा पसरला पाहिजे. दाबताना कुठे एखादा दाणा लागला, देठाचा तुकडा सटकला, तर आणखी तीन मिनिटं द्या. सूप रवाळ झालं अशी तक्रार मी जितक्यांकडून ऐकली, त्यातल्या बहुतेकांनी गॅस लवकर बंद केला होता. कच्चट फ्लॉवर कितीही वाटला तरी त्याचा गर होत नाही, चुरा होतो.

वाटणं

गॅस बंद करून १० मिनिटं थांबा. ही १० मिनिटं मी एकदा वाचवायला गेले. उकळतं सूप भांड्याच्या गळ्यापर्यंत भरलं, झाकण दाबलं, बटण फिरवलं आणि वाफेने झाकण उडवलं. मनगटावर आलेला फोड बरा व्हायला दोन आठवडे लागले. गरम पातळ पदार्थ मिक्सरमध्ये फिरला की एकदम वाफ होते आणि तिला जायला वाट लागते. म्हणून भांडं अर्ध्याच्या वर कधीही भरू नका. झाकणाच्या मधलं छोटं बूच असेल तर ते काढा आणि भोकावर घडी घातलेलं फडकं हलकं धरा. पहिले काही झटके सर्वात कमी वेगावर द्या. मूल आसपास असेल तर हे काम तेव्हा करूच नका. हँड ब्लेंडर असेल तर पातेल्यातच फिरवा, सूप थोडं कमी गुळगुळीत होईल, पण निर्धास्त.

आधी फक्त बदाम आणि पळीभर सूप घेऊन अगदी मुलायम वाटून घ्या. बदाम भाजीसोबत टाकले तर त्यांची कणी राहते. मग झाऱ्याने शिजलेला फ्लॉवर काढून घाला, पाणी मात्र थोडंच. दाट असताना पात्यांना पकड मिळते आणि गर बारीक होतो. पाण्यात तुकडे नुसते गरगर फिरतात. शाकाहारी सुपात कुस्करलेलं पनीर याच वेळी घाला. एका भांड्याला दोन मिनिटं तरी द्या, मध्ये एकदा कडा खरवडा. शेवटच्या घाण्यात फ्रीजमधून काढलेलं दीड चमचा थंड लोणी टाकून पुन्हा अर्धा मिनिट फिरवा. रंग बदललेला दिसेल, पिवळट गर एकदम फिका आणि चकचकीत होतो. मलई तिथे तयार होते.

सगळं पातेल्यात एकत्र करून, उरलेलं पाणी थोडं थोडं घालत हवा तसा दाटपणा आणा. माझं माप असं: ताकाच्या कढीहून दाट, पिठल्याहून पातळ. पळी बुडवून बाहेर काढा, तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर बेत जमला.

क्रीम, चक्का, साय: हे फुटतं का

कढीत दही फुटत नाही कारण बेसन त्याला सांभाळतं. आपल्या सुपात पीठ नाही, म्हणजे दुधाच्या पदार्थाला सांभाळणारं कुणी नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धे अपघात टळतात.

पातेलं मंद आचेवर ठेवा, चिकन किंवा पनीर आणि मशरूम घालून सूप चांगलं गरम करा, मग गॅस बंद करा. क्रीम एका वाटीत घेऊन त्यात दोन पळ्या गरम सूप थोडं थोडं घालत ढवळा, आणि मग ते पातेल्यात मिसळा. यानंतर उकळी आणायची नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्क्यांच्या आसपास फॅट असतं. ते जास्त फॅटच्या क्रीमपेक्षा लवकर फुटतं, म्हणून ही काळजी.

घरची साय चालते, फक्त ताजी हवी, आणि ती थोड्या कोमट सुपात मिक्सरवर फिरवून घ्या, नाहीतर तिचे कपटे तरंगतात. विरजण लावलेली साय घातली तर चव आंबूस होते. चक्का घालायचा असेल तर तीन चमचे चक्का चांगला फेटून, गॅस बंद केल्यावर पाच मिनिटांनी मिसळा. मला चक्क्याची चव आवडते, पण ते सूप पुन्हा गरम करताना जपावं लागतं, म्हणून ते लगेच संपणार असेल तरच.

फुटलंच तर टाकून देऊ नका. चिकनचे तुकडे बाजूला काढा, सूप थोडं निववा आणि एक चमचा क्रीम घालून पुन्हा मिक्सरमधून काढा. बहुतेक वेळा पूर्ववत होतं.

शेवटची चव

आता मीठ. थंड झालेल्या आणि गरम सुपात मीठ वेगळं लागतं, त्यामुळे वाढायच्या वेळी जितकं गरम असेल तितकं गरम चाखून ठरवा. जायफळ किसणीवर चार-पाच वेळा ओढा, त्याहून जास्त नको. फ्लॉवरचा जो थोडा उग्रपणा राहिलेला असतो तो जायफळाने झाकला जातो. ताजी मिरपूड, आणि शेवटी लिंबाचे सात-आठ थेंब. सूप आंबट लागायला नको, फक्त चव उघडायला हवी. सूप सपक वाटलं की लोक आणखी मीठ घालतात. आधी हे थेंब घालून पाहा.

फोडणी ही आमच्या घरची भर. छोट्या कढल्यात तूप तापवून जिरं, ते तडतडलं की लसणाचे काप. काप कडेने सोनेरी दिसू लागताच गॅस बंद, कारण तुपाच्या उष्णतेने ते पुढे भाजले जातातच. वाडग्यात सूप वाढून वर चमचाभर फोडणी आणि मागे ठेवलेला भाजलेला तुरा. कुरकुरीत काहीतरी हवं म्हणून पावाचे तुकडे घालण्याऐवजी भाजलेले बदामाचे काप किंवा भोपळ्याच्या बिया घाला. बाबांनी पहिल्यांदा ही फोडणी घातलेलं सूप खाल्लं तेव्हा म्हणाले, "अगं, याला जेवणाचा वास आहे." त्या रात्री डबा उघडला नाही.

नुसत्या चिकनमधून प्रत्येकाला सुमारे २० ग्रॅम प्रथिनं मिळतात, पनीरमधून ११-१२. शाकाहारी मंडळींना कमी पडतं असं वाटलं तर सोबत पनीरचे आणखी चार तुकडे, किंवा अंडं चालत असेल तर एक उकडलेलं अंडं अर्धं करून वाडग्यात ठेवा.

बिघडलं तर

पातळ झालं: क्रीम घालण्याआधी लक्षात आलं तर उघडं ठेवून मंद आचेवर आटवा. क्रीम घातल्यावर कळलं तर १०० ग्रॅम फ्लॉवर वेगळा वाफवून, थोड्या सुपात वाटून मिसळा. इसबगोल घालू नका, सूप चिकट, बुळबुळीत होतं. झँथन गम ही दाटपणासाठीची पूडही वापरतात, पण चिमटीभर जास्त झालं तरी तीच तऱ्हा, शिवाय गुठळ्या होतात. फ्लॉवरने भागत असताना मला त्याची गरज वाटलेली नाही.

खारट झालं: बटाटा सोडायची सवय असते, ती इथे नको. बिनमिठाचं गरम पाणी आणि थोडं क्रीम घाला, दाटपणा कमी झाला तर वाफवलेला फ्लॉवर.

दुसऱ्या भाज्या

दुधीत कार्ब्ज फ्लॉवरइतकेच कमी, पण गर पाणचट, म्हणून बदाम ३० करा. लाल भोपळ्याने रंग आणि गोडवा सुरेख येतो. त्यात दुप्पट कार्ब्ज आहेत, तेव्हा निम्मा भोपळा, निम्मा फ्लॉवर. पालक घालायचा तर वाटण्याच्या दोन मिनिटं आधी, नाहीतर रंग काळपटतो. गाजर, बीट, मटार, मका मात्र या सुपातून बाहेरच ठेवा.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकांसाठी माझा सगळ्यात आवडता प्रकार कोळंबीचा आहे. कोळंबी सोलली की सालं आणि डोकी फेकू नका. चमचाभर तेलात ती लालसर होईपर्यंत परता, बुडेल इतकं पाणी घालून २० मिनिटं उकळा आणि गाळा. हाडांच्या पाण्याऐवजी हे घ्या. बटरऐवजी खोबरेल, क्रीमऐवजी नारळाचा पहिला, घट्ट रस, जायफळाऐवजी आलं आणि हिरवी मिरची, लिंबाऐवजी दोन आमसुलं. आमसुलं वाटल्यानंतर घाला आणि वाढताना काढून टाका. नारळाचा रसही उकळला की फुटतो, म्हणून तो गॅस बंद केल्यावरच. कोळंबी त्याच्या जरा आधी, गॅस सुरू असताना गरम सुपात दोन-तीन मिनिटं, गुलाबी होऊन वळली की झाली. त्याहून जास्त ठेवली तर रबरासारखी होते.

उरलेलं सूप

मोठ्या पातेल्यात सूप तासन्‌तास कोमट राहतं, आणि तेच धोक्याचं. पसरट भांड्यात काढून, ते भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. दोन-तीन दिवस चांगलं राहतं. जास्त दिवस ठेवायचं असेल तर बदाम, लोण्यासकट वाटलेला गर क्रीम न घालता, चिकन न घालता एकेका वाडग्याच्या मापाने डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, महिनाभर चव टिकते. आदल्या रात्री डबा फ्रीजमध्ये खाली काढा. वितळल्यावर तो पाणी सुटल्यासारखा, फुटल्यासारखा दिसेल. एकदा मिक्सरमधून काढा, उकळी येईपर्यंत गरम करा, आणि क्रीम मग त्या दिवशीच्या वाडग्यापुरतंच घाला.